उगी राहा

यंदाही वेण्णारु आटली. पाऊस पडला नाही म्हणून नव्हे. दूर वर धरणाची दारं बंद झाली की इथल्या नद्या दर वर्षी अशाच आटतात. आधी नदीचं पात्र, मग तिला फुटलेले कालवे, मग शेतांकडे जाणारे पाट. उरलेल्या डबक्यांत बगळे आणि पोरं एकाच वेळी मासे शोधतात, आणि एके दिवशी पुलावरून जाताना बसमधून खाली पाहावं तर नुसती वाळू. तंजावरहून तिरुवैयारुला जाताना असे एकामागून एक पूल लागतात. नकाशा बघणाऱ्याला वाटावं, काय पाणीदार मुलूख आहे! त्याला म्हणावं, उन्हाळ्यात येऊन बघ.

मला मात्र हे दिवस आले की उठून कामाला लागावंसं वाटतं. जिन्याखाली उभी असलेली सायकल मी बाहेर ओढते, टायर अंगठ्यानं दाबून बघते, चेनला तेल घालते. डोंगरात चालवायची सायकल आहे ती. जाड टायरांची, पुढे शॉकअपवाली, आणि इथे डोंगर तर औषधालाही नाही. साऱ्या त्रिभुज प्रदेशात उंच म्हणावं असं काही असेल तर ते देवळाचं शिखर, आणि तिथून सायकल खाली आणू देत नाहीत. तरी मी डोंगरातली सायकल इथेच शिकले. जे शिकले ते नदीच्या रिकाम्या पोटात शिकले, म्हणून दर वर्षी नदी रिकामी होण्याची वाट बघते. शेजारपाजारची माणसं पाणी कधी येणार म्हणून वर बघत असतात, आणि मी मनातल्या मनात म्हणते, थांब जरा. हे उघडपणे बोलायची सोय नाही, भाताच्या मुलखात राहायचं आहे.

मी मूळची साताऱ्याची. आमच्याकडे वेण्णा, इथे वेण्णारु. बँकेतल्या बदलीचा कागद हातात आला तेव्हा नकाशात हे नाव वाचून उगीचच बरं वाटलं होतं. आल्यावर कळलं की नावापलीकडे दोघींचा काही संबंध नाही. आमची वेण्णा दगडांतून आपटत येते, ही सपाटीवर पसरून पडते. पण परक्या गावात माणूस ओळखीचं काहीतरी शोधतंच.

त्याहून जवळचं म्हणजे घरमालकीण मराठी निघाल्या. अंबुजाबाई. त्यांचे पूर्वज कधीकाळी इकडे आले ते इथलेच झाले. तिरुवैयारुच्या वाटेवर त्यांची भाताची जमीन, नारळाची बाग. स्वतः पासष्टीच्या, पण मोपेडवर बसून शेतावर जायच्या. सातारा त्यांनी जन्मात पाहिला नव्हता आणि देवनागरी त्यांना वाचता येत नव्हती, मात्र घरात बोलायच्या मराठी. पहिल्या दिवशी त्यांचं बोलणं ऐकून मला वाटलं, कुणीतरी जुनी बखर तमिळ चालीवर वाचतंय.

"कोठून आलीस? एकटीच राहतीस? लेंकरें कोठें आहेत?"

"मुलगी आहे. पुण्याला."

"आणि यजमान?"

"ते नाशिकला असतात."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाल्या, "बेस. वरचा मजला घे. वारा येतो." त्यानंतर यजमानांचा विषय त्यांनी कधीच काढला नाही.

आम्ही दोघं वेगळे झालो ते आदळआपट न करता. मुक्ता तेव्हा अकरावीत होती. कोणाकडे राहशील असं तिला विचारलं, तर म्हणाली, "हॉस्टेलला." त्या एका शब्दानं आम्हा दोघांचा निकाल लागला. पुढे सुट्ट्या ती नाशिकला काढू लागली, कारण नाशिक जवळ आणि तंजावर लांब. हे कारण खरंच होतं. खऱ्या कारणांशी भांडता येत नाही, हाच त्यांचा त्रास.

आमचे फोन व्हायचे रविवारी. जेवलीस का, हो. परीक्षा कधी, पुढच्या महिन्यात. बरी आहेस ना, हो आई. मग दोन्हीकडे पंख्याचा आवाज. एका रविवारी मी काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं की तो मागून घरघर आवाज कसला, आणि ती म्हणाली, "चेन साफ करतेय." ती डोंगरात सायकल चालवायला लागली होती, मित्रमैत्रिणींबरोबर, पायवाटांवरून. आणि मग ती बोलत सुटली. दगड आला की अंग कसं ठेवायचं, वळणावर कुठे बघायचं, सिंहगडाच्या बाजूला कुठली तरी उतरण होती तिथे कोण कसं उलटलं. मी भाजी परतता परतता गॅस बंद केला आणि ऐकत राहिले. मला सायकलीत काडीचा रस नव्हता. मला तिच्या लांब वाक्यांत रस होता.

म्हणून मी म्हटलं, "मीही शिकेन."

ती हसली. "आई, तू? तिथे डोंगर तरी आहे का?"

"नसू दे."

"बरं, शीक. खरंच शिकलीस ना, तर मे संपताना येते बघायला. आणि पावसाळ्यानंतर आपण दोघी साताऱ्याच्या डोंगरात जाऊ."

ती हे थट्टेत म्हणाली होती. मी ते गाठीला बांधलं. पन्नाशीला आलेली, उतारवयात उतार शिकायला निघालेली बाई, असं माझं मीच स्वतःला चिडवून घेतलं, आणि पुढच्या शनिवारी तिरुचीला जाऊन एक वापरलेली सायकल घेऊन आले. दुकानदारानं गावाचं नाव विचारलं. तंजावर म्हटल्यावर त्यानं माझ्याकडे आणि सायकलीकडे आळीपाळीनं पाहिलं.

त्या उन्हाळ्याचा वास अजून येतो. सुकलेल्या शेवाळाचा, तापायच्या आधीच्या वाळूचा, म्हशींचा. मी उजाडताना निघायची. नदीच्या काठाकाठानं घातलेल्या बंधाऱ्यावरून गेलेली लाल मातीची वाट, दोन्हीकडे नारळ, खाली कोरडं पात्र. गुरांना पाण्यावर नेण्यासाठी काठ कापून केलेली उतरण होती, तोच माझा पहिला डोंगर. मुक्तानं फोनवर सांगितलेलं मी स्वतःशी घोकत असे. सीट खाली घे. पेडलवर उभी राहा, दोन्ही पाय एका पातळीत. कोपरं बाहेर. कंबर मागे. चाकाकडे बघू नकोस, जिथे जायचंय तिथे बघ.

शेवटचं सगळ्यांत अवघड. समोर खड्डा आहे आणि माणसानं खड्ड्याकडे बघायचं नाही! मी बघायचीच, आणि जिकडे नजर तिकडे चाक. उतरण नीट नाही, वाळू फार भुसभुशीत, सायकल जुनी, अशी कारणं मी रोज शोधत होते. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. वाळूत पुढचा ब्रेक घट्ट दाबला की चाक रुततं आणि बाई पुढे जाते, हे मी कोपर, गुडघा आणि हनुवटी अशा क्रमानं शिकले. काठावर शेण गोळा करायला येणाऱ्या बायका पदराआड हसत आणि मग "पार्त्तु, पार्त्तु" म्हणत. पार्त्तु म्हणजे बघून. कुणी पडू नये म्हणून इथे सांभाळ म्हणत नाहीत, बघ म्हणतात. मुक्ताचा सगळा धडा त्यांनी एका शब्दात आटपला होता.

मला ऐकवायला आता पुष्कळ होतं. एकदा मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "पुढच्या महिन्यात घाट उतरणार आहे."

"तंजावरात घाट?" मुक्ता चकित झाली. "कुठला? मला नकाशात दाखव."

"अगं, नदीचा घाट. पायऱ्यांचा."

पलीकडून इतकं मोठं हसू आलं की मला फोन कानापासून दूर धरावा लागला. कित्येक वर्षांत ती माझ्यापाशी असं हसली नव्हती. नंतर म्हणाली, "पण पायऱ्या सोप्या नसतात हां, आई." मग पायऱ्या कशा उतरायच्या ते ती कितीतरी वेळ समजावत राहिली. त्या दिवशी मला वाटलं, ही येणार.

घाट पुलाच्या अलीकडे होता. रुंद दगडी पायऱ्या, मधोमध पावलांनी झिजलेल्या. नदी भरलेली असली की त्यातल्या वरच्या थोड्याच दिसतात, आटली की सगळ्या उघड्या पडतात, आणि शेवटच्या पायरीखाली वाळू. मी रोज वरच्या पायरीवर सायकल नेऊन उभी करायची, खाली बघायची, आणि वळून उतरणीकडे जायची.

मग तो दिवस. त्या पहाटे मुक्ताचा निरोप आला होता की मे संपताना जमणार नाही, ग्रुपबरोबर हिमाचलला चाललेय, पुढच्या वेळी नक्की. खाली हसऱ्या तोंडाचं चित्र. मी "मजा कर" असं लिहिलं आणि सायकल काढली. उतरणीवरून येताना डोळ्यांसमोर वाट नव्हतीच. चाक रुतलं आणि मी वाळूत तोंडावर पडले. गुडघा सोलला होता, पण त्यासाठी मी रडत नव्हते. एकदा सुरू झालं ते थांबेना. एवढ्या मोठ्या कोरड्या नदीत मी एकटी, आणि सायकलीचं चाक आपलं फिरतंय.

तेवढ्यात बंधाऱ्यावरून आवाज आला. "उगी! उगी राहा!"

अंबुजाबाई. शेताकडे निघालेल्या, मोपेड तशीच टाकून कडेला आलेल्या.

आमच्याकडे उगी उगी रडणाऱ्या मुलालाच म्हणतात. माझी आई मला म्हणायची. मुक्ताला कांजिण्या झाल्या तेव्हा मी रात्रंदिवस तिला दुसरं काही म्हटलेलं आठवत नाही. तिच्यानंतर हा शब्द माझ्या घरात वापरायला कुणी उरलं नव्हतं. तो असा वरून, भर नदीत, कुणीतरी माझ्यासाठी म्हणालं आणि मी उन्मळून रडू लागले. हात पुढे करून उठू लागले, त्यांच्याकडे जायला.

"अयो, उगी राहा म्हटलें ना! हलूं नको!"

आणि माझ्या खांद्याला काहीतरी ओलं, गरम घासून गेलं. म्हशी. उतरणीवरून आख्खा कळप खाली येत होता आणि मी त्यांच्या वाटेत बसले होते. मी जिथल्या तिथे थिजले. त्या माझ्या दोन्ही बाजूंनी फुसफुसत, शांतपणे निघून गेल्या. एक तर थांबून सायकलीच्या सीटला हुंगून गेली.

अंबुजाबाई खाली आल्या, पदरानं माझ्या तोंडावरची वाळू पुसली. "सांगितलें तर ऐकत नाहीस. उठलीस कशाला?"

"तुम्ही उगी म्हणालात. मला वाटलं, माझी समजूत घालताय."

त्यांना कळेना. मी सांगितलं की आमच्याकडे उगी म्हणजे रडू नको.

"आमच्याकडे उगी म्हणजे उगी," त्या म्हणाल्या. "बोलूं नको, हलूं नको, आहेस तशी राहा." मग माझी हनुवटी वर केली. "रडत होतीस? कशास?"

मी मुक्ताचं सांगितलं. त्या माझ्याशेजारी वाळूत बसल्या. माझा लेक कोयम्बत्तूरला आहे, सहा तासांचा रस्ता आहे, पोंगलला येतो, असं म्हणाल्या. आम्ही दोघी उगी राहिलो, त्यांच्या अर्थानं. माझं रडणं कधी थांबलं ते समजलंच नाही, म्हणजे माझ्याही अर्थानं.

खरं तर आता शिकायचं काही कारण उरलं नव्हतं. बघणारी येणार नव्हती. पण दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले, कारण घरात तरी काय करायचं होतं. आणि त्या दिवसापासून मी पळायचं सोडून थांबायला शिकू लागले. सायकलीवर बसून, पाय न टेकता, जागच्या जागी थांबायचं. पुढचं चाक किंचित वळवायचं, ब्रेकवर एक बोट, पुढच्या पेडलवर जरासा भार. सायकल मागे जाऊ म्हणते, पुढे जाऊ म्हणते, आपण तिला दोन्ही करू द्यायचं नाही. मुक्तानं हे कधीच सांगितलं होतं, की थांबता आलं की उतरता येतं, पण मला त्यात काय मोठंसं असं वाटलं होतं. मनात म्हणायची, उगी. चाक डुगडुगायचं. उगी. पाय टेकायचा. पुन्हा.

एका सकाळी घाटाच्या वरच्या पायरीवर मी अशी थांबले, आणि वळून जावंसं वाटलंच नाही. नजर पलीकडच्या काठावरच्या नारळांवर होती. बोट सैल सोडलं. ठक, ठक, ठक, दात वाजले, हात झिणझिणले, आणि मी वाळूत होते, सायकलीवर, उभी. वर बंधाऱ्यावर एकट्या अंबुजाबाई होत्या. त्यांनी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. "झालें?" म्हणाल्या. "चल, काफी घे."

मी मुक्ताला कळवलं नाही. ती डोंगरात होती, तिथे फोन लागत नव्हता. आणि खोटं कशाला बोलू, मला तिनं ते बघायला हवं होतं, ऐकायला नव्हे.

मग पाणी आलं. पाणी येण्याचा इथे सणच असतो. "तण्णि वंदाच्चु", पाणी आलं, अशी ओरड बंधाऱ्यावरून पुढे पुढे सरकत येते आणि मागून ते स्वतः, पाऊलभर उंचीचं, तपकिरी, पुढे फेस आणि पाचोळा ढकलत. माझ्या चाकांच्या खुणा त्यानं एकेक करून भरल्या. बायकांनी फुलं टाकली, अंबुजाबाईंनी हळदकुंकू वाहिलं. सगळे हसत होते. माझा हंगाम संपत होता आणि त्यांचा सुरू होत होता, अशा वेळी हसायला जरा कष्ट पडतात. पहिली पायरी बुडाली, दुसरी बुडाली.

तेव्हाच फोन वाजला. मुक्ता. आधी फक्त श्वास ऐकू आला. मग, "आई, मी पडले. हात मोडलाय. दवाखान्यात आहे. बाबांना फोन लागला नाही, म्हणून तुला केला."

म्हणून तुला केला. मला त्याचं काही वाटलं नाही असं लिहिलं असतं, पण वाटलं. तरी ती रडत होती, लहानपणी रडायची तशी, हुंदक्यात शब्द अडकवत, आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "उगी. उगी राहा, मुक्ता. हलू नकोस. मी आहे फोनवर."

बराच वेळ मी तेवढंच म्हणत होते. बाजूला ढोल वाजत होता. तिचा श्वास हळूहळू सरळ झाला. मग म्हणाली, "तू हे किती वर्षांनी म्हणालीस."

मी निघाले होते. बॅग भरलीही होती. पण माझी गाडी सुटायच्या आत तिचे बाबा विमानानं पोचले, आणि ती म्हणाली, आता नको येऊस आई, उगाच दगदग. तेही कारण खरंच होतं.

हात बरा झाला. साताऱ्याच्या डोंगरात आम्ही गेलो नाही. त्या पावसाळ्यानंतर तिची परीक्षा होती, पुढच्याला नोकरी लागली. आता ती बंगळूरला असते, एका रात्रीच्या प्रवासावर, आणि सायकल चालवत नाही. हात दुखतो म्हणते. आमचे रविवार पुन्हा छोटे झालेत. अंबुजाबाईंना त्यांचा लेक कोयम्बत्तूरला घेऊन गेला. खालच्या मजल्याला कुलूप आहे, मोपेड विकली. फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही. मी ओरडून विचारते, बऱ्या आहात ना, आणि त्या म्हणतात, "काय म्हणतीस? मोठ्यानें बोल!" मग दोघी हसतो आणि ठेवून देतो. माझ्याशी मराठी बोलणारं या गावात आता कुणी उरलं नाही. कधीकधी सकाळी सायकलीशीच बोलते.

आज घाटावर गेले होते. काठावरच्या बायका सांगत होत्या, धरणाची दारं उघडलीत, चार दिवसांत पाणी इथे येईल. मी वरच्या पायरीवर, सायकलीवर तोल धरून, पलीकडचे नारळ बघत होते. पुरे झालं, यंदा हे शेवटचं, असं मनात येत होतं. खिशात फोन थरथरला. रविवार नव्हता, म्हणून पाय टेकून लगेच काढला.

मुक्ताचा निरोप होता. "आई, तुझी नदी अजून कोरडी आहे का?"

पुढे काही नाही. का विचारते, येणार आहे का, कधी, काही नाही. मी लिहिलं, "आहे. पण पाणी निघालंय. लौकर ये." लवकर नव्हे, लौकर लिहिलं, अंबुजाबाई म्हणत तसं. मग ते वाचलं. जिथे जायचंय तिथे बघ, सायकल आपसूक जाते. ओढून ती जात नाही, हे एवढ्या वर्षांत मला कळायला हवं होतं. पुढची सगळी अक्षरं पुसली आणि पाठवलं ते एवढंच, "आहे."

फोन खिशात टाकला. दोन्ही पाय पेडलवर घेतले, चाक किंचित वळवलं, ब्रेकवर एक बोट ठेवलं. खाली कोरड्या पायऱ्या, वर कुठेतरी वाटेला लागलेलं पाणी. सायकल पुढे जाऊ म्हणाली, मागे जाऊ म्हणाली. मी उगी राहिले.